फ्रेम म्हणजे वेळ नव्हे: पुस्तकावरून ॲनिमेशनचं स्क्रिप्टिंग शिकणाऱ्यांसाठी

सध्या जावास्क्रिप्टचं पुस्तक घेऊन कॅनव्हासवर (ब्राउझरच्या पानातल्या चित्र काढायच्या जागेवर) ॲनिमेशन शिकायला बसलेली तीन मुलं माझ्या ओळखीत आहेत आणि तिघंही एकाच खड्ड्यात पडलीत: फ्रेम, म्हणजे ॲनिमेशनमधलं एकेक चित्र, मोजलं की वेळ मोजली असं धरून चालतात. मी त्याच खड्ड्यात २००५ साली पडले होते, तेव्हा माझ्या हातात जावास्क्रिप्ट नव्हतं तर फ्लॅश हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर आणि त्याची भाषा ॲक्शनस्क्रिप्ट होती, एवढाच फरक. म्हणून एकदा नीट लिहून काढते.

मी मूळची चित्रकलेची. इस्लामपूरहून येऊन जी.डी. आर्ट केलं आणि पुण्यात एका ई-लर्निंग कंपनीत चित्रं काढायला लागले. मराठी मीडियम, गणित दहावीला सोडलेलं. सहा महिन्यांनी कळलं की नुसती चित्रं काढणारे कॉन्ट्रॅक्टवर राहणार आणि ज्यांना स्क्रिप्टिंग येतं त्यांनाच कायम करणार. क्लासची फी परवडणारी नव्हती. मग अप्पा बळवंत चौकातून फ्लॅश एमएक्स २००४ चं एक जाडजूड जुनं पुस्तक घेतलं, आधीच्या मालकाने पहिल्या चाळीस पानांवर पेन्सिलीने खुणा केलेल्या आणि पुढे पान कोरं. ते कोरं पान बघून पोटात गोळा आला होता हे अजून आठवतं, कारण हा माणूस चाळीसाव्या पानावर थांबला तर आपण कुठे थांबणार असं वाटलं.

व्हेरिएबल, इफ-एल्स, लूप यावर मी काही सांगत बसत नाही, ते सगळ्या पुस्तकांत बरं असतं आणि तुम्ही ते वाचलेलं असणार. फंक्शनच्या चॅप्टरला मला तीन आठवडे लागले. तुम्हाला लागले तर घाबरू नका, तिथे सगळ्यांनाच वेळ लागतो. क्लास आणि ऑब्जेक्टचा चॅप्टर मात्र सरळ सोडून पुढे जा. तीन हलत्या गोष्टी स्वतःच्या हाताने बनवून झाल्या की मग परत या, तोपर्यंत ते वाचून नुसती झोप येते.

आणि एक गोष्ट अगदी कडक सांगते. पुस्तकासोबत सीडी यायची, तीत सगळी उदाहरणं तयार असायची, आणि मी पहिला महिना ती उघडून चालवून बघत होते आणि मला वाटत होतं की मी शिकतेय. शून्य शिकले. हल्ली सीडी नाही पण कोड कॉपी करायची सोय आहे, आणि आता तर एआयला विचारलं की अख्खा प्रोग्राम समोर येतो. पहिले तीन महिने यातलं काही वापरू नका. हाताने टाइप करा. टाइप करायच्या आधी वहीत मराठीत लिहा की ही ओळ काय करते, "चेंडूचा एक्स घे, त्यात पाच मिळव, परत ठेव" असं (एक्स म्हणजे चेंडू डावीकडून किती अंतरावर आहे तो आकडा). ज्या ओळीचं मराठी करता येत नाही ती ओळ तुम्हाला कळलेली नाही, इतकं सोपं आहे ते. व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण व्हिडिओत पान दुमडता येत नाही, आणि बोलणारा माणूस इतक्या सहज करतो की आपल्यालाही येतंय असा भास होतो.

आता तो खड्डा.

पुस्तकातलं पहिलं चालतं-फिरतं उदाहरण असं असतं की प्रत्येक फ्रेमला चेंडूच्या एक्समध्ये पाच मिळवा. फ्लॅशमध्ये त्याला ऑनएंटरफ्रेम म्हणायचे, जावास्क्रिप्टमध्ये रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेम आहे. चेंडू डावीकडून उजवीकडे जातो, आपल्याला आभाळ ठेंगणं होतं. उदाहरण चुकीचं नाही. पण त्यातून डोक्यात नकळत एक समजूत बसते की फ्रेम हे वेळेचं माप आहे. फ्लॅशची फाइल उघडली की डिफॉल्ट १२ फ्रेम प्रतिसेकंद असायचे, म्हणजे १२ फ्रेम झाल्या की एक सेकंद, मी असंच धरून चालले.

मला एक क्विझ करायला दिली होती, पाचवी-सहावीच्या मुलांसाठी. प्रत्येक प्रश्नाला ३० सेकंद. मी हिशोब केला, १२ गुणिले ३०, ३६० फ्रेम. एक काउंटर ठेवला, प्रत्येक फ्रेमला एक वाढवला, ३६० झाले की "वेळ संपली" ची पाटी. वर एक मेणबत्ती काढली होती, ती हळूहळू विरघळायची. माझ्या मशीनवर स्टॉपवॉच लावून बघितलं, तीस म्हणजे तीस. फार खूश झाले होते.

मग त्या क्विझची सीडी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत दाखवायला आम्ही गेलो. लॅबमध्ये दहा-बारा कॉम्प्युटर, दोन नवे, बाकीचे जुने, पंख्याचा आवाज करणारे. मुलं बसली, क्विझ सुरू झाली, आणि थोड्या वेळाने खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तिची मेणबत्ती अजून जळतेय, माझी विझली." बाईंना वाटलं कुणी काहीतरी केलं. मी जाऊन बघितलं तर खरंच, नव्या मशीनवर वेळ संपलेली आणि शेजारच्या जुन्यावर मेणबत्ती अर्धी. ती मुलगी माझ्याकडे बघत होती, चिडून नाही, नुसतं उत्तर हवं म्हणून. मला काही सांगता आलं नाही. परतीच्या एसटीत मी कुणाशी बोलले नाही.

झालं काय होतं ते सावकाश सांगते, कारण हे कळलं की बाकी अर्धं ॲनिमेशन कळतं. १२ फ्रेम प्रतिसेकंद ही फ्लॅशला केलेली विनंती असते, हमी नाही. मेणबत्तीची ज्योत, मागचं ढगांचं चित्र, त्यात मी घातलेल्या पारदर्शक सावल्या, हे सगळं प्रत्येक फ्रेमला नव्याने रंगवायचं काम जुन्या मशीनला झेपत नव्हतं, ते सेकंदाला सातच फ्रेम काढू शकत होतं. माझा काउंटर बिचारा इमानदारीने ३६० पर्यंत मोजत होता. ३६० भागिले ७ म्हणजे ५१ सेकंद. एका मुलीला ३० आणि शेजारणीला ५१.

ऑफिसमध्ये एक सीनियर होता, आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो. त्याने माझा कोड बघितला, माऊसला हात लावला नाही आणि विचारलं, "तू घरी कुकर लावतेस ना? शिट्ट्या मोजून सांगशील का की बातम्या लागल्या का ते?" गॅस बारीक असला की शिट्टी उशिरा येते, मोठा असला की लवकर. तीन शिट्ट्यांत भात होतो हे खरं, पण तीन शिट्ट्या म्हणजे दहा मिनिटं नव्हेत. वेळ बघायची तर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं. फ्रेम ही शिट्टी आहे. मग तो चहाला निघून गेला आणि उरलेलं माझं मला शोधायला लावलं. मेंटॉर शोधताय ना, असा शोधा. जो तुमच्या हातातून माऊस घेऊन दोन मिनिटांत दुरुस्त करून देतो तो तुमचं काम करतोय, तुम्हाला शिकवत नाहीये, कितीही प्रेमळ असला तरी.

घड्याळ पुस्तकातच होतं, मागच्या बाजूला कुठेतरी अर्ध्या पानात, गेटटायमर नावाचं फंक्शन, मूव्ही (म्हणजे फ्लॅशची फाइल) सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते सांगणारं. प्रश्न सुरू झाला तेव्हा किती वाजले होते ते लिहून ठेवायचं, प्रत्येक फ्रेमला आत्ता किती वाजले ते विचारायचं, वजाबाकी ३०,००० च्या वर गेली की वेळ संपली. मशीन सात फ्रेम काढो नाहीतर सत्तर, सेकंद तीसच. मेणबत्ती जुन्या मशीनवर थोडी हिसके देत विरघळेल पण विझेल बरोबर वेळेलाच.

आता तुम्ही म्हणाल हे जुन्या मशीनचं दुखणं, आमच्याकडे चांगले फोन आहेत. अहो, उलट आता जास्त त्रास आहे. रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेम साधारणपणे स्क्रीनच्या रिफ्रेशप्रमाणे चालतं. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर सेकंदाला ६० वेळा, १२० हर्ट्झच्या फोनवर १२० वेळा. फ्रेमला पाच पिक्सेल असा चेंडू एका फोनवर सेकंदाला ३०० पिक्सेल जाणार आणि दुसऱ्यावर ६००. तुमचा गेम महागड्या फोनवर दुप्पट अवघड होऊन बसतो आणि तुम्हाला पत्ताच नसतो, कारण तुम्ही तुमच्याच एका स्क्रीनवर बघताय. म्हणून पिक्सेल प्रतिफ्रेम हा विचारच डोक्यातून काढा, पिक्सेल प्रतिसेकंद असा विचार करा. ब्राउझर तुमच्या फंक्शनला दरवेळी वेळ हातात आणून देतो, मिलिसेकंदात. मागची वेळ आणि आताची वेळ यातला फरक घ्या, हजाराने भागा, वेगाने गुणा, तेवढंच पुढे सरका.

यातही दोन बारके खड्डे आहेत, मला दोन्ही लागलेत. पहिल्या फ्रेमला "मागची वेळ" नसतेच, मग वजाबाकीतून नॅन ("हा आकडाच नाही" असं सांगणारं मूल्य) येतं, आणि नॅन एकदा एक्समध्ये शिरलं की बाहेर निघत नाही, चेंडू गायब, एरर मात्र काही नाही. पहिल्या वेळी फक्त वेळ लिहून घ्या आणि हलवू नका. दुसरं, माणूस दुसऱ्या टॅबवर गेला की हे फंक्शन थांबतं, तो चाळीस सेकंदांनी परत आला की फरक चाळीस सेकंदांचा येतो आणि चेंडू भिंतीच्या पार निघून जातो. म्हणून हालचालीसाठी फरकाला वरची मर्यादा घाला, मी शंभर मिलिसेकंद ठेवते. पण परीक्षेच्या टायमरला ही मर्यादा घालू नका, तिथे चाळीस सेकंद खरोखर गेलेले आहेत.

आणखी एक, जे माझ्या पुस्तकात नव्हतं. सुंदर थांबण्यासाठी सगळे एक युक्ती वापरतात, प्रत्येक फ्रेमला उरलेल्या अंतराचा अर्धा भाग पुढे जा. १०० अंतर असेल तर दोन फ्रेमनंतर २५ उरतं. आता मशीन निम्मं हळू आहे, एकच फ्रेम मिळाली, म्हणून तुम्ही प्रामाणिकपणे वेळेच्या फरकाने गुणलंत, अर्ध्याचं दुप्पट केलंत, तर ते पूर्ण होतं आणि उरतं शून्य. पंचवीस कुठे आणि शून्य कुठे! इथे गुणाकार चालत नाही, घात लागतो. उरणारा भाग धरा, इथे ०.५, आणि जेवढ्या फ्रेम व्हायला हव्या होत्या तेवढा त्याचा घात करा. हे मला कागदावर कळायला चार दिवस लागले होते, तुम्हाला एका वाचनात नाही कळलं तर वही घेऊन १०० पासून हाताने करून बघा.

एवढं गणित ऐकून कुणी पळू नका. मी खरंच सांगते, दहावीच्या पुस्तकातलं पायथागोरस आणि साइन-कोसाइन एवढ्यावर माझी वर्षानुवर्षं निघाली. फक्त साइनला अंश देऊ नका, रेडियन द्या, म्हणजे अंशाला पाय (π) या संख्येने गुणून १८० ने भागा.

मग लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, का नको, असं विचारतात. जीसॅप नावाची ॲनिमेशनची लायब्ररी आहे, ते चांगलंच आहे, त्याची मुळंही फ्लॅशमध्येच आहेत, आता पूर्ण फुकट झालंय, आणि ते आतून फ्रेम नव्हे तर वेळ मोजूनच चालतं, ब्राउझरमधलं सीएसएस ट्रान्झिशनसुद्धा. वापरा. पण आधी एक महिना लायब्ररीशिवाय. ज्या दिवशी क्लायंट म्हणेल की माझ्या फोनवर हे वेगळं दिसतंय त्या दिवशी तुम्हाला आत काय चाललंय ते माहीत असायला हवं, नाहीतर तुम्ही माझ्यासारखे लॅबमध्ये उभे राहाल आणि समोरच्या मुलीला द्यायला उत्तर नसेल.

पुस्तक जुनं होईल ही भीती मात्र सोडा. माझं तर पुरतंच जुनं झालं. २००७ मध्ये फ्लॅशच्या सीएस३ आवृत्तीबरोबर ॲक्शनस्क्रिप्ट ३ आलं, अंडरस्कोर एक्सचं नुसतं एक्स झालं, अल्फा (चित्र किती पारदर्शक ते सांगणारा आकडा) शंभरपर्यंत जायचा तो एकवर आला, बटणाला थेट चिकटवलेला कोड चालेनासा झाला. २०१० पासून आयफोनवर फ्लॅश नाही ते नाहीच अशी चर्चा, लोक धडाधड सोडून जायला लागले, आणि ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीने फ्लॅश प्लेयर कायमचा बंद केला, १२ जानेवारीपासून तर प्लेयरच फाइल चालवायला नकार द्यायला लागला. त्या दिवशी मी रडले, खोटं कशाला सांगू, पंधरा वर्षांचं काम होतं. पण जावास्क्रिप्टकडे वळताना मला भाषा फार परकी वाटली नाही, दोन्ही ईसीएमएस्क्रिप्ट या एकाच भाषा-मानकाच्या घरातल्या. आणि गेटटायमरच्या जागी परफॉर्मन्स-नाऊ आलं, वजाबाकी तीच राहिली.

मागच्या दिवाळीत रफल नावाच्या, जुन्या फ्लॅश फाइली चालवणाऱ्या एम्युलेटरमध्ये मी ती क्विझ उघडून बघितली. चालली. मेणबत्ती पेटली, मी शेजारी फोनवर स्टॉपवॉच लावलं.

तुम्हीही आज हेच करा. तुमचा चेंडू एका कडेपासून दुसऱ्या कडेला जायला किती सेकंद लागायला हवेत ते आधी वहीत लिहा, मग स्टॉपवॉच लावून बघा, मग क्रोमच्या डेव्हटूल्समधल्या परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयू सहापट हळू करून परत बघा, आणि घरात कुणाकडे १२० हर्ट्झचा फोन असेल तर तो पाच मिनिटं मागून घ्या. तिन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहा. जुळले नाहीत तर पुढचा चॅप्टर उघडू नका.