एनडीआयएसच्या रिपोर्टमध्ये ‘सगळं जमतं’ असं सांगू नका

घरात दिव्यांग मूल किंवा मोठं माणूस असेल आणि तुम्ही ऑस्ट्रेलियात नुकतेच आला असाल, तर आधी व्हिसा बघा. तात्पुरत्या व्हिसावर एनडीआयएस, म्हणजे दिव्यांगांच्या मदतीसाठी पैसे देणारी इथली सरकारी योजना, मिळत नाही. आपल्यापैकी बहुतेकांना त्यासाठी पीआर (कायमच्या वास्तव्याचा व्हिसा) किंवा नागरिकत्व लागतं. अर्ज वयाच्या ६५ वर्षांच्या आत करायचा. पगार किती, हे कोणी बघत नाही, त्यामुळे ‘आम्हाला कशाला देतील’ म्हणून थांबू नका. डिसॅबिलिटी सपोर्ट पेन्शन वेगळी. ती सरकारी भत्ते देणाऱ्या सेंटरलिंककडे, आणि तिथे सहसा १० वर्षांच्या वास्तव्याची अट आहे.

आता मुख्य गोष्ट. इथे निर्णय नुसत्या आजाराच्या नावावर होत नाही. चालणं-फिरणं, बोलणं, शिकणं, लोकांत मिसळणं, स्वतःची निगा, स्वतःचे व्यवहार, यांत रोज कुठे अडतं ते रिपोर्टमध्ये यावं लागतं. आणि आपली मंडळी नेमकी इथेच झाकतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं कितपत जमतात ते तपासून रिपोर्ट लिहिणारा) विचारतो, “आंघोळ स्वतः करतो का?” आई म्हणते, “हो, करतो की!” प्रत्यक्षात शॉवरचं पाणी तीच बेताचं करते, साबण हातात देते, डोक्यावरचा फेस गेला का बघते आणि तो बाहेर येईपर्यंत दाराशी उभी असते. हे सगळं सांगा. वाईटातला वाईट दिवस कसा जातो, तेही सांगा. यात मुलाची बदनामी नाही.

माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाचा अर्ज असाच फेटाळला गेला. चारचौघांत कळेल म्हणून त्यांनी कोणालाच विचारलं नाही, आणि पत्र ड्रॉवरमध्ये पडून राहिलं. फेरविचार मागायला ३ महिने असतात, ते गेले. मग नवे रिपोर्ट, नवा अर्ज आणि तोवरची सगळी थेरपी स्वतःच्या खिशातून. पत्र आलं की त्याच दिवशी कॅलेंडरवर ३ महिन्यांची तारीख लिहा. फेरविचारातही नकार आला तर पुढे ट्रायब्युनल, म्हणजे सरकारी निर्णय तपासणारं स्वतंत्र न्यायाधिकरण, आहे. आपल्या लोकांना सरकारी नकार म्हणजे शेवटचा शब्द वाटतो. इथे तसं नाही.

मूल ६ वर्षांच्या आतलं असेल, तर पक्कं निदान हातात नसतानाही चौकशी करता येते. ‘मुलगे उशिराच बोलतात’ हे आजीचं ऐकून वर्ष घालवू नका.

दुभाषा हवा असेल तर टीआयएस या दुभाषा सेवेला फोन करा, १३१ ४५०. अर्ज मंजूर झाल्यावर मिळणाऱ्या एनडीआयएस प्लॅनचे पैसे स्वतः सांभाळणार असाल, तर प्रत्येक बिल ५ वर्षं जपून ठेवा.