रोटेशनची गणितं: आधी फेरे, मग रेडियन

अमळनेर-पारोळ्याकडून मराठी माध्यमात दहावी करून जळगावला सायन्सला आलेल्या पोरांच्या अंगावर बारावी फिजिक्सचा पहिलाच धडा येतो, रोटेशनल डायनॅमिक्स, म्हणजे फिरणाऱ्या वस्तूंची गती. मीही त्याच वाटेनं आलो, आता शिकवण्या घेतो. स्थिर कोनीय त्वरणाच्या गणितांत खरं तर नवं फार थोडं. नववीतली गतीविषयक तीन समीकरणंच; विस्थापनाच्या जागी थीटा (फिरलेला कोन), वेगाच्या जागी ओमेगा (फिरण्याचा वेग), त्वरणाच्या जागी अल्फा (तो वेग बदलण्याचा दर).

अडतं ते एककांत. 'आरपीएम' (मिनिटाला फेरे) दिसलं की पोरं लगेच रेडियन करायला दोन पायनं (π) गुणतात, साठनं भागतात आणि तो π शेवटच्या ओळीपर्यंत ओढत नेतात. प्रश्नात फेरेच विचारले असतील तर कशाला? घरची कडबाकुट्टी घ्या. चाक मिनिटाला २४० फेरे घेतंय, म्हणजे सेकंदाला ४. मोटर बंद केल्यावर २० सेकंदांत थांबलं. त्वरण स्थिर, म्हणून सरासरी सेकंदाला २ फेरे, एकूण ४०. झालं! सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्रीच्या १०० प्रश्नांना ९० मिनिटं मिळतात, तिथं हे कामाला येतं.

काठाचा वेग विचारला तर मात्र रेडियन हवेच; कोनाचं हे एकक, एका फेऱ्यात दोन पाय रेडियन. त्रिज्या गुणिले ओमेगा त्यांच्याशिवाय चालत नाही. ४ फेरे म्हणजे ८ पाय, साधारण २५ रेडियन. अर्धा मीटर त्रिज्येला सेकंदाला साडेबारा मीटर.

आता त्याच चाकाचे ३० सेकंदांतले फेरे काढा. वेग दर सेकंदाला ०.२ नं घटतोय; सूत्र सांगतं ४ गुणिले ३०, वजा अर्धा गुणिले ०.२ गुणिले ३० चा वर्ग, म्हणजे १२० वजा ९०, म्हणजे ३०. चाळीस फेरे घेऊन थांबलेल्या चाकाचे तीस कसे? चाक थांबलंय हे सूत्राला कळत नाही, ते त्याला उलटं फिरवत बसतं. वेग कमी होत असेल तर आधी थांबायची वेळ काढायची. घाई नको भो.

दुसरा पेपरवाल्यांचा लाडका प्रश्न: पंखा ३६ फेऱ्यांत निम्म्या वेगावर आला, थांबेपर्यंत अजून किती? वेळ दिलेली नाही, म्हणजे वेगांच्या वर्गांचं समीकरण. वेग निम्मा, तर वर्ग पाव. पाऊण भाग ३६ फेऱ्यांत गेला, उरलेल्या पावाला १२. पुष्कळ जण ३६ वर खूण करून मोकळे होतात.

खऱ्या पंख्याला हवेचा विरोध वेगाबरोबर बदलतो, तिथं त्वरण स्थिर नसतंच. त्यामुळे गणितात 'युनिफॉर्म' किंवा 'कॉन्स्टंट' शोधा. टॉर्क (बळाचा फिरवणारा परिणाम) वेळेनुसार बदलता दिला असेल, तर ही समीकरणं बाजूला ठेवून सरळ इंटिग्रेशन करा.