शब्दकोडं अडलं की काय करायचं

पेपरातलं मराठी शब्दकोडं सोडवताना आडवे शब्द एक नंबरपासून ओळीने भरत बसू नका, आधी सगळे क्लू भराभर वाचून काढा आणि जे बघताक्षणी येतात तेवढेच लिहा, पेन्सिलीनेच. आपल्याकडे एका घरात अख्खं अक्षर बसतं, काना मात्रा वेलांटी जोडाक्षर सगळ्यासकट, त्यामुळे एक घर नक्की झालं की उभ्या शब्दाचं खूप काही कळून जातं.

खरी डोकेदुखी समानार्थी शब्दांची. क्लू ‘पाणी’, दोन घरं, मग जल की नीर की तोय? तीन असतील तर उदक, सलिल, जीवन. अशा वेळी अंदाजाने एक ठोकायचा नाही, आधी छेदणारे उभे शब्द सोडवा. कमळ, सूर्य, हत्ती, सोनं ही मंडळी सारखी येतात म्हणून त्यांचे समानार्थी एका वहीत लिहून ठेवा, कमळाचे पंकज सरोज नलिनी, हत्तीचे कुंजर वारण, सोन्याचे कनक हेम कांचन वगैरे, खूप कामाला येतात.

काहीच जुळत नसेल तर ऱ्हस्व दीर्घ तपासा, रवि लिहिलंय की रवी. क्लू अनेकवचनी आहे का तेही बघा, ‘झाडे’ला ‘वृक्ष’ चालतो पण ‘बायका’ला ‘स्त्री’ नाही, ‘स्त्रिया’ लागेल.

तरीही अडलं तर सरळ ठेवून द्या आणि चहा घेऊन या, परत बघितलं की कुंजर आपोआप सुचतो आणि मग तो अख्खा कोपरा धडाधड भरत जातो, काय भारी वाटतं तेव्हा! उत्तर गुगल करून ही मजा घालवू नका प्लीज.