बारावीआधी कायदा शिकताय? या चुका टाळा

अकरावीत लीगल स्टडीज घेतलेली किंवा लॉ सीईटीची (राज्याच्या कायदा प्रवेश परीक्षेची) तयारी करणारी मुलं आधी कलमांचे आकडे घोकतात. तेही फोर्टच्या फुटपाथवरून स्वस्तात आणलेल्या जुन्या गाइडमधून. खून ३०२, फसवणूक ४२०. पण १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्यात खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे आणि फसवणूक ३१८ मध्ये. पेपरात अजून ३०२ दिसतं, कारण त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना जुनी भारतीय दंड संहिता, म्हणजे भादंविच लागू होते. गाइड घेण्याआधी छपाईचं साल बघा.

याहून मोठी चूक म्हणजे स्वतःच्या न्यायबुद्धीने उत्तर देणं. उदाहरण घ्या: परळच्या दुकानात मोबाइल दुरुस्तीला दिला, बिल झालं १,५०० रुपये. पैसे मिळेपर्यंत दुकानदाराने मोबाइल ठेवून घेतला. मालकाने पैसे बुडवायच्या इराद्याने, नजर चुकवून तो उचलला. ही चोरी का? वर्गातले बहुतेक हात ‘नाही’ म्हणून वर जातात: स्वतःचाच मोबाइल, चोरी कसली? पण न्याय संहितेचं चोरीचं कलम ३०३ मालकी विचारत नाही, कब्जा विचारतं. करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे दुरुस्तीचे पैसे मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवायचा हक्क दुकानदाराला आहे. म्हणून ही चोरीच. बिल आधीच चुकतं केलं असतं, तर नाही.

यावर उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे. व्याख्या वहीत तुकडे करून लिहा: अप्रामाणिक हेतू, जंगम (हलवता येणारी) वस्तू, दुसऱ्याचा कब्जा, संमती नाही, वस्तू हलवली. प्रत्येक तुकड्यासमोर प्रश्नातली घटना ठेवून टिक करा. लोकलमध्ये आपली समजून दुसऱ्याची छत्री उचलली, तर बाकी चारांवर टिक पडते, पण हेतूवर पडत नाही. मग चोरीही नाही. ‘तीस सेकंदांत उत्तर’वाल्या ट्रिकांनी ही सवय लागत नाही, वेग सरावाने आपोआप येतो. मूळ कायदा इंडिया कोड या सरकारी साइटवर फुकट आहे. कलमाखालची उदाहरणं गाळू नका, कायदा तिथेच उलगडतो.

मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांत लिहू नका. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो काढला. आता तो अनुच्छेद ३००-अ मध्ये आहे.

क्लॅटमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेत, चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. राज्याच्या सीईटीत कापत नाहीत, तिथे एकही प्रश्न कोरा सोडू नका.