जुनी बंदूक पाहायला, प्रतिकृती हाताळायला

उतारवयात अस्सल ठासणीची बंदूक पुन्हापुन्हा हाताळली, तर मनगटांना त्रास होतो आणि घामाने लोखंडाला गंज चढतो. १८५३ची एनफिल्ड ही ब्रिटिश ठासणीची रायफल सुमारे ४.३ किलोची आणि जवळपास १४० सेंटिमीटर लांब आहे. खांद्याला लावली की बराचसा भार पुढच्या हातावर येतो.

म्हणून कामं वाटून द्या. अस्सल बंदूक आडवी, मऊ आधारावर ठेवा. शिक्के, लाकडाची झीज बसून भिंगातून निवांत पाहा. हात लावायचाच तर नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे घाला, सुती हातमोज्यांतून गुळगुळीत दस्ता निसटतो. खांद्याला लावणं, नेम धरणं, घोडा ओढणं हे सगळं प्रतिकृतीवर. ती घेताना आखूड नळीची घ्या. माझ्या मते लांबीचा हट्ट इथे सोडावाच, कारण भार अंगाजवळ राहतो. रिकामा घोडा पाडायचा असेल तर खाली चामड्याचा तुकडा ठेवा.

एक काळजी मात्र दोन्हींसाठी: बंदुकीत दारू भरलेली राहिलेली असू शकते. नळीच्या तोंडाशी चेहरा न नेता लाकडी काठी नळीत तळापर्यंत सोडा, तोंडापाशी खूण करा, मग खूण तोंडाशी जुळवून ती काठी बाहेरून नळीला लावून पाहा. टोक बत्तीच्या छिद्रापर्यंत (दारू पेटवणारी ठिणगी जिथून आत जाते तिथपर्यंत) पोहोचत नसेल, तर आत काहीतरी आहे. उकरू नका, जाणकार बंदूक कारागिराला बोलवा.