सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स : मुक्काम रविवार ते शनिवार ठेवा

स्कॉटलंडमधला ओल्ड कोर्स हे गोल्फचं मैदान, आणि ते सार्वजनिक जमिनीवर आहे. तिथे खेळायला कुणाचं सभासदत्व किंवा ओळख लागत नाही, आगाऊ वेळ मिळाली नसेल तर सोडतीत नाव निघावं लागतं. त्यामुळे एकच दिवस हाताशी ठेवून जाणारे बरेचदा न खेळताच परततात.

रविवार सोडून रोजच्या खेळासाठी सोडत असते. ज्या दिवशी खेळायचं, त्याच्या दोन दिवस आधी दुपारी 2 पर्यंत नावं द्यायची. म्हणजे मंगळवारसाठी रविवारी. गट दोन ते चार जणांचा, आणि नाव ऑनलाइनही देता येतं. उन्हाळ्यात तिथले दुपारचे 2 म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, तेव्हा सोमवारचं नाव शनिवारी घरूनच टाका. रविवार ते शनिवार राहिलात तर सहा सोडती मिळतात. एकटे असाल तर आदल्या दिवशी तिथे प्रत्यक्ष जाऊन नोंदणी करावी लागते. पहाटेच्या अंधारात रांग लावायची जुनी पद्धत 2024 मध्ये बंद झाली. 2027 च्या जुलैत ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा तिथेच आहे, तो काळ टाळा.

हँडिकॅपचा, म्हणजे तुमच्या खेळाची पातळी सांगणाऱ्या आकड्याचा, दाखला सोबत ठेवा. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसासाठी प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. उगाच थांबू नका. एडिनबरोहून ट्रेनने ल्यूकर्सला उतरायचं आणि तिथून 99 नंबरची बस धरायची. नंबर लागला नाही तरी आठवडा वाया जात नाही. शेजारच्या न्यू (1895) आणि ज्युबिली (1897) कोर्सची वेळ आधीच घेऊन ठेवा.

रविवारी ओल्ड कोर्सवर सहसा खेळ नसतो. गावकरी कुत्री घेऊन फिरायला येतात. तुम्हीही 18 होल चालून या, ही तयारी फुकट होते आणि फार कामाला येते. 112 बंकरांपैकी (वाळूच्या खड्ड्यांपैकी) कित्येक टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, दिसतच नाहीत, ते चालताना कळतात. ग्रीन म्हणजे होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ. त्यातल्या सात जोडग्रीन आहेत. दोन होलचे झेंडे एकाच ग्रीनवर असतात आणि त्यांच्या नंबरांची बेरीज 18 येते : 2 आणि 16, 3 आणि 15. जाताना पांढरा झेंडा, परतीला लाल. हे डोक्यात नसेल तर भलत्याच झेंड्यावर शॉट जातो.

गोल्फ कार्ट सरसकट मिळत नाही, चालावंच लागतं. बॅग हलकी ठेवा, वॉटरप्रूफ जॅकेट आणि दोन जादा ग्लोव्ह घ्या. पहिल्यांदा जात असाल तर कॅडी (बॅग उचलणारा, वाट दाखवणारा मदतनीस) घ्याच. त्याचे पैसे ग्रीन फीपेक्षा (खेळायच्या फीपेक्षा) वेगळे, रोख जवळ असू द्या.

खेळताना शंका आली की डावीकडे मारा. उजवीकडे बहुतेक होलवर काटेरी झुडपं आहेत, नाहीतर हद्द संपते. जमीन टणक आणि वारा समुद्राचा, म्हणून आपल्याकडच्या मऊ ग्रीनवर बसणारा उंच वेज शॉट तिथे उसळून ग्रीनच्या पलीकडे निघून जातो. 30 यार्डांवरून सात नंबरच्या आयर्नने, किंवा सरळ पटरनेच (ग्रीनवर बॉल घरंगळवायच्या काठीने), बॉल जमिनीलगत पळवा. अपवाद पहिल्या होलचा. ग्रीनच्या अगदी तोंडाशी स्विल्कन ओढा आहे, तिथे नेहमीपेक्षा एक नंबर लांब मारणारा क्लब (काठी) घ्या. सतराव्याला ग्रीनच्या डाव्या कुशीत रोड बंकर आणि पलीकडे खरोखरचा रस्ता आहे. दुसरा शॉट ग्रीनच्या उजव्या पुढच्या भागाशी थांबवा आणि तिथून पटरच्या दोन फटक्यांची तयारी ठेवा.