मराठी पत्रव्यवहार लवकर हातावेगळा करण्यासाठी संगणकावरील काही साधने

कार्यालयात दिवसभर मराठीतून पत्रे, टिपण्या आणि स्मरणपत्रे तयार करणाऱ्यांचा बराचसा वेळ तोच मजकूर पुन्हा टंकण्यात, जुनी फाइल शोधण्यात आणि एका पत्रातला तपशील दुसऱ्या पत्रात नेण्यात खर्च होतो. त्यामुळे कामांची यादी ठेवणारे एखादे नवे ॲप घेण्याआधी ही तीन कामे हलकी करणारी साधने शिकून घ्यावीत, असे माझे ठाम मत आहे.

पहिली अट युनिकोडची, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला संकेतांक देणाऱ्या पद्धतीची. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसला तरी संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरेच असतात. म्हणून तो शोधता येत नाही आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर वाचताही येत नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये भाषेच्या विभागात जाऊन मराठी भाषा जोडली की विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून कीबोर्ड बदलता येतो. उच्चाराप्रमाणे टंकायचे असेल तर फोनेटिक कीबोर्डही तिथेच मिळतो. मात्र रोज पाने भरून लिहिणाऱ्यांनी इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची प्रमाण कळरचनाच शिकावी. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात, त्यामुळे थोड्या सरावानंतर बोटे आपोआप वळू लागतात.

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ वाचतो तो वर्डमधल्या क्विक पार्ट्समुळे, म्हणजे ठरलेला मजकूर छोट्या नावाने साठवून ठेवण्याच्या सोयीमुळे. ‘उपरोक्त विषयाबाबत आपणांस कळविण्यात येते की, संदर्भीय पत्रान्वये मागविलेली माहिती अद्याप या कार्यालयास प्राप्त झालेली नाही’ हे वाक्य कितीदा टंकावे लागते, हे पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ते एकदाच नीट लिहून, शुद्धलेखन तपासून निवडावे आणि ऑल्टसोबत एफ३ ही कळ दाबावी. उघडलेल्या चौकटीत ‘स्मरण१’ असे छोटे नाव द्यावे. पुढे कोणत्याही पत्रात ‘स्मरण१’ एवढेच टंकून एफ३ दाबले की पूर्ण वाक्य उमटते. काही लॅपटॉपवर त्यासोबत एफएन ही कळही दाबावी लागते. परिच्छेदाची मांडणीही हवी असल्यास निवड करताना शेवटचे परिच्छेदचिन्ह त्यात घ्यावे. वर्ड बंद करताना बिल्डिंग ब्लॉक्समधले, म्हणजे अशा साठवलेल्या मजकुरातले, बदल जतन करायचे का, असा प्रश्न येतो. त्याला होकार द्यायला विसरू नये, नाहीतर सगळी मेहनत वाया जाते. विषय, संदर्भ, स्वाक्षरीचा भाग आणि ‘प्रत माहितीस्तव’ हा ठरलेला मजकूर असा साठवला की मसुदा तयार करताना लक्ष फक्त त्या प्रकरणातल्या बाबींवर राहते.

एका पत्रातून जावक क्रमांक, दिनांक आणि पत्ता घ्यायचा असला की अनेकजण दोन खिडक्यांमध्ये पुन्हा पुन्हा ये-जा करतात. विंडोज १० मध्ये २०१८ च्या अखेरच्या अद्ययावत आवृत्तीपासून क्लिपबोर्डचा, म्हणजे कॉपी केलेल्या मजकुराचा, इतिहास ठेवण्याची सोय आहे. विंडोजची कळ आणि व्ही दाबून ती एकदा सुरू करावी. त्यानंतर कॉपी केलेल्या शेवटच्या २५ नोंदी त्याच कळांनी समोर येतात आणि हवी ती निवडता येते. पिन केलेल्या नोंदी संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही टिकतात. सामायिक संगणकावर मात्र पासवर्ड किंवा आधार क्रमांक कॉपी केला असेल तर उठण्यापूर्वी तो इतिहास पुसून टाकावा.

फाइल शोधण्यासाठी व्हॉइडटूल्सचे ‘एव्हरीथिंग’ हे मोफत साधन आहे. ते डिस्कवरील फाइलींच्या नावांची सूची आधीच तयार ठेवते, त्यामुळे नावातला एखादा शब्द टंकताच निकाल समोर येतात. कार्यालयाच्या संगणकावर ते बसवण्यासाठी संगणक विभागाची परवानगी घ्यावी. ते मुख्यतः नावावरून शोधत असल्याने ‘नवीन पत्र अंतिम २’ असे नाव दिलेली फाइल विषयाचा शब्द टंकून त्यालाही सापडणार नाही. ‘२०२५-०३-१४ पाणीपुरवठा स्मरणपत्र’ असे नाव द्यावे. वर्ष, महिना, दिवस या क्रमामुळे फाइली नावानुसार लावल्या तरी तारखेच्या क्रमानेच लागतात आणि ‘पाणीपुरवठा’ व ‘स्मरणपत्र’ हे दोन शब्द टंकले की त्या प्रकरणाची सगळी स्मरणपत्रे एकत्र दिसतात.